रात्रपाळीतली काचेची नळी : एका परिसेविकेच्या कामाचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळचे ५० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय, जुलैचा दुसरा आठवडा, लावणीची घाई. हे रुग्णालय अमुक एका गावातले नाही. कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत पावसाळ्यात जे पुन्हा पुन्हा घडते ते एका रात्रीत जुळवून इथे मांडले आहे, म्हणून माणसांची नावे नाहीत, फक्त हुद्दे आहेत. प्रकरण मुख्यतः एका परिसेविकेचे, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरचे आहे. तिच्या वॉर्डात एका रात्री चाचणी चुकली, रुग्ण गंभीर झाली आणि ड्यूटीवरची नवी सिस्टर खचली. पुढच्या तीन महिन्यांत परिसेविकेने काय केले, कशाचा उपयोग झाला आणि काय फुकट गेले, ते पाहू.

ती रात्र

मेडिकल वॉर्डात २४ खाटा, रुग्ण ३१. सात जण जमिनीवर गाद्या टाकून. बहुतेक तापाचे, त्यातले चौघे लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी आजाराच्या संशयाचे. रात्री ८ ते सकाळी ८ एकच सिस्टर आणि एक मावशी. सिस्टर परभणीकडची, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, ११ महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर आलेली. कोकणातला तिचा हा पहिलाच पावसाळा. मालवणी अजून कानात बसली नव्हती आणि फुरसे तिने पुस्तकातल्या चित्रातच पाहिले होते.

रात्री ९.४० ला एक बाई आली. पडवीतल्या राशीतून चुलीसाठी लाकूड ओढताना बोटाला काहीतरी चावले. सोबतच्या माणसाने "किरडू चावला" एवढेच सांगितले. साप कोणी नीट पाहिला नव्हता. बोटाला किंचित सूज, कुठून रक्त येत नव्हते, बी.पी. १२०/८०. डॉक्टरांनी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावायला सांगितली. सिस्टरने शिरेतून २ मि.ली. रक्त घेतले, ट्रेमधल्या काचेच्या नळीत सोडले, ९.५० ही वेळ चिकटपट्टीवर लिहून नळीला लावली आणि नळी हलणार नाही अशी कट्ट्यावर उभी ठेवली. १०.१० ला एकदाच तिरकी करून पाहिली. रक्त पाण्यासारखे वाहिले.

रक्त गोठले नाही याचा अर्थ घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे असा घेतात. डॉक्टरांनी एएसव्हीच्या १० व्हायल सांगितल्या. हे प्रतिविष पावडरीच्या रूपात येते. प्रत्येक व्हायलमध्ये १० मि.ली. डिस्टिल्ड वॉटर घालून ती हलक्या हाताने गोल फिरवावी लागते. जोरात हलवली की फेस होतो. एकट्या माणसाला दहा व्हायल विरघळवायला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात, आणि तेवढा वेळ बाकीच्या तीस रुग्णांकडे पाहायला कोणी नसते. १०.३५ ला ड्रिप सुरू झाली. त्याआधी, रिॲक्शन आलीच तर हाताशी असावे म्हणून, सिस्टरने ॲड्रिनॅलिनची अँप्युल फोडून अर्धा मि.ली. सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून खाटेशेजारी ठेवले होते.

१०.४७ ला बाई अंग खाजवू लागली. छातीवर गांधी उठल्या, खोकला, मग उलटी. बी.पी. ८०/५०. सिस्टरने ड्रिप बंद केली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मि.ग्रॅ. ॲड्रिनॅलिन दिले, पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, मावशीला डॉक्टरांना बोलवायला पळवले. दहा मिनिटांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दुसरा डोस. ११.२० ला बी.पी. १००/६० वर आले.

डॉक्टरांना शंका आली. ११.४५ ला त्यांनी लॅबमधून नवी कोरी नळी मागवून चाचणी पुन्हा लावली. १२.०५ ला नळी उलटी केली तरी रक्ताची गाठ जागची हलली नाही. प्रतिविषाने विष मारले तरी रक्तातले संपलेले गोठण-घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात, त्याला सुमारे सहा तास लागतात. म्हणून तर ही चाचणी दर सहा तासांनी करतात. इथे ड्रिप जेमतेम बारा मिनिटे गेली होती आणि ती सुरू झाल्यापासून सव्वा तासाच्या आत काढलेले रक्त घट्ट गोठले. म्हणजे ते आधीपासूनच गोठत होते. पहिली चाचणी खोटी निघाली होती, आणि बाईच्या जिवावर बेतली ती रिॲक्शन तिला गरजच नसलेल्या औषधाची होती.

चूक कुठे होती

सकाळच्या राउंडला वरिष्ठांनी सगळ्या वॉर्डासमोर विचारले, "रक्त गोठलंय की नाही एवढंही दिसत नाही का?" दुपारपर्यंत लेखी खुलासा मागणारे पत्र आले, मुदत २४ तास.

तोवर परिसेविकेने एक काम केले होते. ट्रेमधल्या उरलेल्या अकरा नळ्या गोळा करून पिशवीत घातल्या, वर तारीख टाकून सही केली आणि कुलपात ठेवल्या. मग मावशींना बाजूला घेऊन विचारले, नळ्या कशाने धुता. उत्तर सरळ होते. आदल्या आठवड्यात स्वच्छतेची पाहणी होती, म्हणून सगळी काचसामग्री साबणाच्या पावडरीने घासून लख्ख केली होती.

रक्त काचेला टेकले की गोठण्याची क्रिया सुरू होते. काचेवर साबणाचा पातळ थर राहिला की रक्त काचेला टेकतच नाही आणि वीस मिनिटांनीही पातळ राहते. प्लास्टिकच्या नळीतही हाच घोटाळा होतो. उलट बाजूनेही फसगत होते: वीस मिनिटांच्या आत नळी हलवत राहिले, दर दोन मिनिटांनी उचलून पाहिले, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून नळी काचेची, कोरडी, शक्यतो नवी हवी. धुतलेली असेल तर साबण न लावता धुतलेली. शंका असेल तेव्हा त्याच ट्रेमधली दुसरी नळी घेऊन तिच्यात धडधाकट माणसाचे, नातेवाइकाचे किंवा स्वतःचे, २ मि.ली. रक्त सोडायचे. तेही गोठले नाही तर दोष नळीत आहे. त्या रात्री ही दुसरी नळी लावली असती तर १०.१५ लाच उलगडा झाला असता. ही खबरदारी पुस्तकात होती. वॉर्डात ती कोणी शिकवली नव्हती, आणि मावशींना तर चाचणी म्हणजे काय हेच कोणी सांगितले नव्हते.

सिस्टरने नळी वेळेवर पाहिली, बरोबर पाहिली, जे दिसले तेच सांगितले. ॲड्रिनॅलिन भरून ठेवणे हे तर तिचे स्वतःचे शहाणपण होते. ती सिरिंज तयार नसती तर त्या बाईचे काय झाले असते ते कोणीही सांगू शकेल. राउंडच्या बोलण्यात यातले काहीच आले नाही.

पहिले चोवीस तास

परिसेविकेने ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना घ्यायचा वॉर्डाचा ताबा, स्वतः घेतला. सिस्टरला कपड्यांच्या स्टोअरमध्ये बसवून चहा दिला आणि सांगितले, "पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही." विचारलेले प्रश्न थोडेच होते आणि त्यांचा साचा ठरलेला होता: "नळी पाहिलीस तेव्हा काय दिसलं?", "तेव्हा आणखी कोण हाक मारत होतं?", "ट्रे कुठून घेतला होतास?" असे करायला काय झाले होते, हा प्रश्न तिने टाळला. त्या प्रश्नाला माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. ऐकता ऐकता तिने घड्याळाच्या वेळेनुसार घटनाक्रम लिहिला, आणि काय बरोबर झाले तेही त्याच कागदावर, त्याच क्रमाने आले.

सिस्टर बोलताना एकदाच रडली: "ताई, बाई मेली असती तर?" परिसेविकेने "असं काही होत नाही गं" म्हटले नाही, कारण होऊ शकले असते. ती म्हणाली, "मेली नाही, आणि ती तू भरून ठेवलेल्या इंजेक्शनमुळे."

खुलासा तिने सिस्टरकडूनच लिहून घेतला, स्वतः सांगून लिहवला नाही. फक्त विशेषणे काढायला लावली. "माझ्याकडून अनवधानाने गंभीर चूक झाली, तरी क्षमा असावी" असे पहिल्या मसुद्यात होते. कंत्राटी माणूस असेच लिहितो, कारण ऑर्डर पुढे मिळेल की नाही याची भीती असते. ते वाक्य काढून वेळा, नळीचा स्रोत, दोन्ही चाचण्यांचे निकाल आणि दिलेली औषधे एवढेच ठेवले. त्या खुलाशाला परिसेविकेने स्वतःच्या सहीचे एक पान जोडले. त्यावर दोन गोष्टी होत्या: नळ्या कशाने धुतल्या जातात याची नोंद, आणि तिने स्वतः लावलेली त्या आठवड्याची ड्यूटी लिस्ट. रविवारी इव्हिनिंग २ ते ८, सोमवारी मॉर्निंग ८ ते २, आणि सोमवारीच रात्री ८ पासून नाइट. घटना बुधवारी, सलग तिसऱ्या रात्री. स्वतःच्या हातचा कागद फायलीला लावणे हे या साऱ्या प्रकरणातले सगळ्यांत अवघड काम होते, आणि वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टरांनी तिच्यावर विश्वास टाकला तो त्या पानामुळे.

मग डॉक्टरांसोबत ती नातेवाइकांशी बोलली. बाईच्या जावेने विचारले, "बरी होती ती. सुई लावल्यार असा कसा झाला?" डॉक्टरांनी चाचणी चुकली, औषधाची रिॲक्शन आली, आता धोका नाही, चोवीस तास लक्ष ठेवू, असे सोप्या शब्दांत सांगितले. लपवाछपवी झाली की पुढचे चार दिवस नातेवाइकांची नजर ड्यूटीवरच्या सिस्टरवर असते, डॉक्टर काय, राउंड घेऊन निघून जातात.

खचलेल्या सहकाऱ्याचे काय करायचे

उपचारातल्या चुकीनंतर रुग्णाखालोखाल तो उपचार करणारा माणूसही जायबंदी होतो, ही गोष्ट डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. वॉर्डात ती ओळखायला निबंध लागत नाही. ही सिस्टर पुढच्या आठवड्यात ड्यूटी संपल्यावरही त्या बाईची खाट बघायला परत येत होती. अँप्युलचे लेबल एकदाऐवजी दोनदा, तीनदा वाचत होती. रक्त काढताना हात थरथरायचा, म्हणून दुसऱ्या सिस्टरला हाक मारायची. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. दिवसा झोप नाही.

इथे दोन सोप्या वाटा असतात आणि दोन्ही चुकीच्या. एक म्हणजे तिला महिनाभर रात्रपाळीतून काढणे. दिसायला ते दयेचे वाटते. तिला मात्र शिक्षाच वाटते, आणि दूर राहिल्याने भीती घट्ट होते. परिसेविकेने तिच्या यादीतून दोनच रात्री काढल्या, किती काढल्या ते त्याच दिवशी सांगितले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच वॉर्डात इव्हिनिंग लावली, सोबत एक जुनी सिस्टर देऊन. दुसरी वाट म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून "मन मोकळं करा" म्हणणे. एकाच बैठकीत घटना पुन्हा उगाळायला लावल्याने पुढचा मानसिक आघात टळतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. काहींना त्याचा त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेली मानसिक प्रथमोपचाराची पद्धत साधी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायचे असेल तर ऐकायचे, नसेल तर जेवली का, झोपली का, घरी फोन झाला का एवढे पाहायचे.

म्हणून परिसेविकेने दोन बोलणी वेगळी ठेवली. नळी, वेळ, औषध यांचे बोलणे वॉर्डात, कागद समोर ठेवून, सगळ्यांसोबत. मनाचे बोलणे एकटीशी, चालता चालता, मेसच्या वाटेवर. दोन्ही एकत्र केली की तांत्रिक चर्चा रडण्यात संपते आणि मनातले बोलणे चौकशीसारखे होते.

राहण्याचा प्रश्नही होता. ती नऊ किलोमीटरवर भाड्याच्या खोलीत एकटी राहत होती. इव्हिनिंग ८ ला सुटायची, ओव्हर देईतो शेवटची एसटी गेलेली असायची. पावसात वीज गेली की मोबाइलची रेंजही जायची, म्हणजे परभणीला आईशी बोलणे बंद. परिसेविकेने क्वार्टरमधल्या दुसऱ्या सिस्टरला विचारून तिला पावसाळ्यापुरते तिकडे आणले. सल्लामसलतीच्या कुठल्याही तासापेक्षा याचा गुण लवकर आला.

आणि एक मर्यादा तिने आधीच ठरवून ठेवली होती. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, कामावर येववत नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे एकदा जरी तोंडून आले, तर इन्चार्जचे काम संपले, डॉक्टरांचे सुरू. जिवाचे बोलणे निघाले तर दोन आठवडे थांबायचेही नाही. लहान गावात स्वतःच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीबाहेर बसणे सिस्टरला नको वाटते, कारण रांगेत ओळखीचे चार जण असतात. अशा वेळी टेली-मानस ही ऑक्टोबर २०२२ पासूनची सरकारी फोनसेवा कामी येते: १४४१६, चोवीस तास, मराठीतही. हा नंबर तिने ड्यूटी लिस्टच्या खाली छापायला सुरुवात केली, सगळ्यांसाठी, म्हणजे तो कोणा एकीसाठी लावला आहे असे वाटू नये. या सिस्टरला तिथवर जावे लागले नाही. अठराव्या दिवशी तिने आपणहून सांगितले की दिवसा झोप लागली.

दुपारी दोनचे शिक्षण

दुपारी २ ला मॉर्निंगची आणि इव्हिनिंगची सिस्टर एकत्र असते. ओव्हर झाल्यावर तिथेच वीस-पंचवीस मिनिटे शिकवायचे, आठवड्यात दोनदा, आणि दोन्ही वेळा विषय तोच, म्हणजे फिरत्या पाळ्यांत कोणी सुटत नाही. रात्रपाळीवाल्यांना झोपेतून उठवून बोलवायचे नाही. मावशी आणि मामा सोबत बसतात.

पहिला विषय अर्थात नळी. परिसेविकेने कुलपातली साबणाने धुतलेली एक नळी आणि नवी कोरी एक नळी घेतली, स्वतःच्या हातातून ४ मि.ली. रक्त काढून घेतले आणि दोन्हीत अर्धे-अर्धे सोडले. वीस मिनिटे नळ्यांना कोणी हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात चार सापांची चित्रे: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडचे एएसव्ही या चारांवर चालते. झाडीतला हिरवा चापडा त्यात येत नाही, त्याच्या दंशावर हे प्रतिविष देऊन फायदा नाही आणि रिॲक्शनचा धोका मात्र तोच. टेस्ट डोस द्यायचा नाही, त्यावरून रिॲक्शनचा अंदाज येत नाही. मण्यार चावली तर सूज नसते, रक्त गोठते, आणि तरी पापण्या मिटू लागतात. तिथे ही नळी काही सांगत नाही, पापण्या आणि श्वास बघत बसायचे. वीस मिनिटे झाली. कोऱ्या नळीतली गाठ उलटी करूनही पडली नाही. साबणाच्या नळीतले रक्त कडेने ओघळले. सगळ्यांत आधी मावशी बोलल्या: "म्हणजे माझ्या धुण्यानं झालं?" परिसेविकेने सांगितले, "तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यानं झालं." त्या दिवसापासून चाचणीच्या नळ्यांचा डबा मावशींनीच वेगळा केला, झाकणावर लाल पट्टी लावून.

पुढचे विषय मोसमाप्रमाणे आले. लेप्टोच्या रुग्णाची लघवी मोजणे, कारण मूत्रपिंड बिघडल्याचे पहिले चिन्ह तिथे दिसते. विंचूदंशात घाम, थंड हातपाय आणि वाढलेली नाडी. त्यावरचे प्राझोसिन हे औषध दिल्यावर रुग्णाला एकदम उभे करायचे नाही. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी याच कोकणातल्या रुग्णांवरून दाखवला, हेही तिने आवर्जून सांगितले. आपल्या खाटांवरून काही नवे शिकता येते हे नव्या सिस्टरांनी ऐकले पाहिजे.

आठवड्याच्या शिक्षणातून एक नियम पक्का झाला: एएसव्ही सुरू झाल्यावर पहिली तीस मिनिटे सिस्टर खाटेजवळून हलणार नाही. तेवढा वेळ वॉर्ड कोण बघणार हे आधी ठरवायचे. कॅज्युअल्टीचा ब्रदर येईल, नाही तर लेबर रूममध्ये केस नसेल तर तिथली सिस्टर. हाक मारल्यावर येणारे नाव ड्यूटी लिस्टवरच लिहिलेले असते. नाव लिहिलेले नसेल तर रात्री अकराला कोणी येत नाही.

ऑगस्टमध्ये जीएनएमच्या विद्यार्थिनी पोस्टिंगला आल्या. परिसेविकेने परभणीच्या सिस्टरला विचारले, "नळी तू शिकवशील का? नाही म्हणालीस तरी चालेल." तिने दोन दिवस घेतले आणि हो म्हटले. अट एकच होती: त्या रात्रीची गोष्ट सांगायची नाही, चाचणी शिकवायची. शिकवणे माणसाला उभे करते; पण "हिच्याकडून झालं होतं ते" म्हणून पुढे केले तर त्याची दुसरी शिक्षा होते. ती विद्यार्थिनींना दुसऱ्या नळीचे महत्त्व सांगताना जितकी काटेकोर होती तितके वॉर्डात दुसरे कोणी नव्हते.

ड्यूटी लिस्ट

परिचारिकेच्या मनाची काळजी कुठे घेतली जाते असे विचारले तर उत्तर ड्यूटी लिस्टमध्ये आहे. परिसेविकेच्या हातात दुसरी मोठी सत्ता नसते, ही असते.

तिने हिशेब मांडला. मॉर्निंगला दोन सिस्टर, इव्हिनिंगला एक, नाइटला एक. दिवसाचे तास १२ + ६ + १२ = ३०, आठवड्याचे २१०. एका सिस्टरचे आठवड्याचे ४८ तास धरले तर ४.४ माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी नेहमीचे ३० टक्के मिळवले की ५.७, म्हणजे सहा. परिसेविका सोडून वॉर्डात पाच नावे होती, त्यातली एक प्रसूती रजेवर. चार जणींचे तास १९२. कोणीच रजा घेतली नाही तरी आठवड्याला १८ तास तोटा, म्हणजे तीन डबल ड्यूट्या. वर्षानुवर्षे ही तूट "ॲडजस्ट करा" या दोन शब्दांनी भरली जात होती, आणि ती नेहमी सगळ्यांत नव्या, कंत्राटी, नाही म्हणू न शकणाऱ्या मुलीच्या वाट्याला जायची. हे पान तिने अधिसेविकांमार्फत, म्हणजे मेट्रनमार्फत, वैद्यकीय अधीक्षकांना दिले. तक्रार म्हणून दिले असते तर फायलीत गेले असते. आकडे म्हणून दिले, त्यामुळे एक सिस्टर तात्पुरती, सप्टेंबर लागेपर्यंत मिळाली.

तेवढ्यावर तिने क्रम बदलला. पाळी पुढे सरकते, मागे नाही: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट. रात्र संपवून मॉर्निंगवर उडी मारणे शरीराला फार जड जाते. सलग सात रात्रींऐवजी चार. बारा तासांच्या चार रात्री म्हणजे ४८ तास, आठवडा तिथेच भरतो, पुढे नाइट ऑफ आणि सुटी. नाइट सुरू होण्याआधी पूर्ण एक दिवस मोकळा. नवी सिस्टर पहिले सहा आठवडे एकटी रात्र करणार नाही. पहाटे दोन ते पाच हा सगळ्यांत झोपेचा काळ, म्हणून औषधांची मोजदाद आणि डबल चेकिंगची कामे त्याआधी उरकायची.

याला विरोध झाला, आणि तो गैर नव्हता. ज्या सिस्टरांची घरे लांब, वैभववाडी किंवा राजापूरकडे, त्यांना सात रात्री एकदम करून सलग सुट्या घेऊन घरी जायला सोयीचे पडायचे. दोघींसाठी तिने पाच रात्रींवर तडजोड केली. नियम सगळ्यांना एकच असावा हे खरे, पण एसटीचे वेळापत्रक सगळ्यांना एक नसते.

मग गणपती. कोकणात हा ड्यूटी लिस्टचा खरा कस. जुलै संपायच्या आत तिने एक कोरा तक्ता लावला: घरी गणपती किती दिवसांचा, तुमची गरज नेमकी कोणत्या दिवशी, आणि कोणत्या दिवशी तुम्ही येऊ शकता. दीड दिवसाचा गणपती असलेली सिस्टर तिसऱ्या दिवसापासून मोकळी असते. नव्या सुनेला ओवशाचा, म्हणजे गौरीपुढे सूप ओवाळण्याचा, दिवस सोडून चालत नाही, बाकीचे दिवस चालतात. परभणीच्या सिस्टरला महालक्ष्म्यांना घरी जायचे होते, जाऊन-येऊन चार दिवस. ज्यांच्या घरी गणपती नसतो त्यांनाच दरवर्षी सगळ्या पाळ्या लावायच्या, ही वॉर्डातली जुनी पद्धत तिने मोडली. त्याच तक्त्यात नाताळ आणि ईदचे रकाने होते, आणि आत्ता दिलेली पाळी तेव्हा परत मिळेल असे सहीनिशी लिहिले होते. याच दिवसांत मुंबईहून गाड्या भरभरून येतात आणि महामार्गावरचे अपघात कॅज्युअल्टीत येतात, त्यामुळे रात्री एक माणूस जास्तच लागतो. तोही तक्त्यात आधी धरला होता.

जे जमले नाही

ताणतणाव व्यवस्थापनावर एक व्याख्यान झाले. दुपारी २ ते ४, हजेरी सक्तीची, नाइट करून आलेल्याही बसलेल्या. अर्ध्याजणी झोपल्या. वक्त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला सांगितले ते चांगलेच होते, पण सात रात्रींची थकलेली सिस्टर झोप मागत असते.

सूचनापेटी लावली, तीन महिन्यांत तिच्यात दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्ही पाण्याच्या फिल्टरबद्दल. फिल्टर दुरुस्त झाला एवढा फायदा.

वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने मात्र नुकसान केले. खुलाशाच्या पत्राचा फोटो कोणीतरी टाकला आणि संध्याकाळपर्यंत तो तालुक्यातल्या दुसऱ्या रुग्णालयांत पोचला. परिसेविकेने ग्रुपवर उपदेश केला नाही. फोटो टाकणाऱ्या सिस्टरशी समोरासमोर बोलली, तो काढायला लावला, आणि ग्रुपवर फक्त पाळ्यांचे बदल टाकायचे असे ठरवले. पसरलेले परत येत नाही. परभणीच्या सिस्टरला त्या राउंडपेक्षा हा फोटो जास्त लागला, असे ती नंतर म्हणाली.

राउंडला सगळ्यांसमोर बोलणाऱ्या वरिष्ठांचे काय, याचे उत्तर अर्धेच मिळाले. परिसेविका त्यांना एकटी भेटली, घटनाक्रमाचा कागद दाखवला, आणि पुढे काही बोलायचे असेल तर आधी इन्चार्जला बोलवा अशी विनंती केली. त्यांनी मान्य केले आणि बहुतेक वेळा पाळले. सिस्टरची माफी त्यांनी मागितली नाही.

पुढची पायरी

सरकारी सेवेत अधिपरिचारिकेवरून परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका ही प्रशासनाची वाट. आणि पाठ्यनिर्देशिका ही शिक्षणाची. जीएनएमच्या शाळेत शिकवायला बी.एस्सी. किंवा दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि वॉर्डातला अनुभव लागतो. कॉलेजात लेक्चरर व्हायला एम.एस्सी. या परिसेविकेने जीएनएमवर नोकरी धरून, मुलगी शाळेत गेल्यावर पोस्ट बेसिक केले होते. ऑक्टोबरमध्ये तिला पाठ्यनिर्देशिकेच्या रिक्त जागेसाठी पसंती द्यायची होती. शिकवणे आवडते म्हणून वॉर्ड सोडावा की नाही, यावर आमचे मत असे आहे: शिक्षणाची जागा घ्यावी, पण आठवड्यातला एक दिवस वॉर्डात ठेवून. ज्या पाठ्यनिर्देशिकेने दोन वर्षे रात्रीचा वॉर्ड पाहिलेला नाही तिच्या शिकवण्यात नळी नेहमी नवी आणि कोरडीच असते.

तिने पसंती दिली, तोच एक दिवस मागून. नव्या इन्चार्जसाठी रजिस्टरच्या पहिल्या पानावर तिने उरलेली कामे लिहिली: काचेच्या ५० नळ्यांचा इंडेंट (मागणीपत्र) दर मे महिन्यात, पावसाआधी. नळ्यांच्या लाल पट्टीच्या डब्याला साबण नाही. सहावे पद अजून भरलेले नाही, आकड्यांचे पान सोबत जोडले आहे, जानेवारीत पुन्हा द्यावे. दुपारी दोनचे शिक्षण सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदाच होते, तात्पुरती आलेली सिस्टर परत गेल्यामुळे. नाताळच्या पाळ्या कोणाला देणे लागतो त्याची यादी मागच्या पानावर. परभणीच्या सिस्टरची ऑर्डर मार्चमध्ये संपते, नूतनीकरणाचा प्रस्ताव जानेवारीतच पाठवावा.